इन्स्टॉलर ‘नाही’ म्हणतो तेव्हा

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या क्षणी जर्नल पूर्ण करत बसलो होतो. दारावर थाप पडली. दुसऱ्या वर्षाचा एक ज्युनिअर, काखेत लॅपटॉप, चेहरा तीन विषय राहिल्यासारखा.

“दादा, लॅपटॉप नवीन घ्यावा लागणार. ह्याच्यावर पायथॉन बसतच नाही. घरी फोन केलाय. पप्पा म्हणाले, सोसायटीतून कर्ज काढतो.”

सोमवारी त्याचं न्युमेरिकल मेथड्सचं सबमिशन होतं आणि तो दिवस होता शुक्रवार. लॅपटॉप चुलतभावाकडून आलेला : कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, विंडोज ७ आणि तेही ३२ बिट.

मी विचारलं, “एरर काय आला?”

“काहीतरी सेटअप फेल्ड वगैरे आलं. मी ओके दाबलं.”

मित्रहो, हा लेख त्या ‘ओके’बद्दल आहे. घरात कर्ज काढायची वेळ आली होती ती एका चौकोनी खिडकीमुळे, आणि त्या खिडकीत काय लिहिलंय ते कोणी वाचलंच नव्हतं! आपल्या हॉस्टेलमध्ये निम्म्याहून जास्त मशीन्स ‘वारसाहक्काने’ आलेली असतात. त्यामुळे “युवर सिस्टीम इज नॉट सपोर्टेड” हे वाक्य आपल्याला आज ना उद्या भेटणारच. ते भेटल्यावर घाबरायचं नाही आणि जबरदस्तीही करायची नाही. आधी एकच प्रश्न विचारायचा : ‘नाही’ म्हणतंय कोण?

कारण नकार चार ठिकाणांहून येतो. चारही वेळा आपल्याला दिसते एक खिडकी आणि एक लाल फुली. पण चौघांचा अर्थ वेगळा आणि उपायही वेगळा.

पहिला नकार : वॉचमनचा

कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन आयकार्ड बघतो. तुम्हाला थर्मोडायनॅमिक्स येतं की नाही हे तो बघत नाही. इन्स्टॉलरचंही तसंच असतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने सुरुवातीला एक अट लिहून ठेवलेली असते : ऑपरेटिंग सिस्टीमचा व्हर्जन नंबर अमुक एकापेक्षा कमी असेल तर आत सोडू नको. सॉफ्टवेअर खरंच चालेल का, हे इथे कोणी तपासून बघत नाही. फक्त आकडा बघितला जातो.

आणि हा आकडा बघण्यातही लोक काय काय घोळ घालतात! विंडोज ३.१ चा व्हर्जन नंबर ३.१० असा धरला जायचा. अनेक प्रोग्रॅमर्सनी अट लिहिली ती अशी : पहिला आकडा ३ किंवा जास्त हवा आणि दुसरा १० किंवा जास्त हवा. आता ४.० आलं की पहिला आकडा पास, पण दुसरा शून्य असल्यामुळे नापास! म्हणजे नवी सिस्टीम ‘जुनी’ ठरली. म्हणून १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हा ते जुन्या १६ बिट प्रोग्रॅम्सना आपला नंबर चक्क ३.९५ असा खोटा सांगायचं. २००९ च्या विंडोज ७ चा आतला नंबर ७ नसून ६.१ आहे, तोही जुने प्रोग्रॅम बिथरू नयेत म्हणूनच. विंडोज ११ आतून अजून १०.० च आहे, फक्त बिल्ड नंबर २२००० आणि त्यापुढचा. ॲपलवाले तरी काय वेगळे? २०२० मध्ये मॅकओएस ११ आलं, ते जुन्या सॉफ्टवेअरला आपला नंबर १०.१६ सांगतं.

ह्यातून घ्यायचं काय? तर वॉचमनचा नकार अंतिम नसतो. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे कम्पॅटिबिलिटीचा टॅब आणि त्यात जुनं विंडोज निवडायचं. म्हणजे सिस्टीम त्या प्रोग्रॅमपुरता आपला नंबर जुना सांगते आणि जुन्या वागणुकीतल्या काही गोष्टीही पुरवते. जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर टाकताना हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

उलट बाजूने, म्हणजे नवं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर टाकताना मात्र जपून. तिथे वॉचमनच्या मागे बऱ्याचदा खरं कारण उभं असतं. ते पुढे येतंच आहे.

दुसरा नकार : चुकीच्या फाइलचा

“धिस व्हर्जन ऑफ द फाइल इज नॉट कम्पॅटिबल…” हे वाक्य आलं की बहुतेक वेळा तुम्ही तुमच्या मशीनची नव्हे, दुसऱ्याच मशीनची फाइल उतरवलेली असते. विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाइलची पहिली दोन अक्षरं ‘एमझेड’ असतात. मार्क झ्बिकोव्स्की ह्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची ही आद्याक्षरं, डॉसच्या काळापासून चालत आलेली. त्यानंतर थोडं पुढे एका खान्यात मशीनचा प्रकार लिहिलेला असतो. सोळाच्या अंकपद्धतीत तिथे १४सी असेल तर फाइल ३२ बिट इंटेलची आणि ८६६४ असेल तर ६४ बिटची. विंडोज हा खाना वाचतं आणि जमणार नसेल तर तिथेच थांबतं. इथे कम्पॅटिबिलिटी टॅब काही करू शकत नाही. ह्यावर उपाय एकच, योग्य फाइल उतरवणे.

६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅम चालतो. ३२ बिट विंडोजवर ६४ बिट प्रोग्रॅम चालत नाही. आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅमही चालत नाही. आपल्या लाडक्या जुन्या टर्बो सीची निळी खिडकी थेट उघडत नाही ती ह्याच कारणाने. डॉसबॉक्समध्ये मात्र मजेत चालते. ह्यात एक गंमत आहे. नव्वदच्या दशकातली काही सॉफ्टवेअर्स स्वतः ३२ बिट, पण त्यांचा इन्स्टॉलर मात्र १६ बिट! म्हणजे वऱ्हाड तयार, पण बसचं इंजिन बंद. ६४ बिट विंडोज अशा काही प्रसिद्ध जुन्या इन्स्टॉलर्सना ओळखतं आणि गुपचूप त्यांच्या जागी ३२ बिट इन्स्टॉलर चालवतं. सगळ्यांच्या बाबतीत हे होत नाही, पण होतं.

लिनक्सवाल्यांनी एक खास फसवा एरर लक्षात ठेवावा. ६४ बिट लिनक्सवर ३२ बिट प्रोग्रॅम चालवला की कधी कधी “नो सच फाइल ऑर डिरेक्टरी” येतं. फाइल तर डोळ्यांसमोर दिसतेय! मी पहिल्या वर्षी ह्यावर अख्खी दुपार घालवली आहे. खरी गोष्ट अशी की सापडत नाही ती तुमची फाइल नसून तिला सुरू करून देणारा ३२ बिट लोडर. ‘फाइल’ नावाचीच एक कमांड आहे. तिला प्रोग्रॅमचं नाव दिलं की तो ३२ बिट की ६४, इंटेलचा की आर्मचा, सगळी कुंडली समोर येते.

आणि हो, दरवेळी फाइलची जात चुकीची असते असंही नाही. हॉस्टेलच्या वाय-फायवर डाउनलोड ९७ टक्क्यांवर तुटतं आणि आपण ती अर्धवट फाइल चालवतो. तेव्हा आधी फाइलचा आकार साइटवर दिलेल्या आकाराशी जुळतो का बघा. चेकसम दिलेला असेल तर उत्तमच.

तिसरा नकार : गैरहजर साथीदाराचा

कुठलाही प्रोग्रॅम एकटा नसतो. त्याला सिस्टीममधल्या लायब्ररी लागतात, म्हणजे विंडोजमध्ये डीएलएल. ती नसली की “अमुक डीएलएल इज मिसिंग” येतं. इथे आमच्या ज्युनिअरची पुढची कहाणी ऐका. इन्स्टॉलर ऐकेना म्हणून त्याने रूममेटच्या मशीनवरून पायथॉनची झिप फाइल आणली. इन्स्टॉलरच नाही म्हटल्यावर वॉचमनचा प्रश्नच मिटला! प्रोग्रॅम चालवला, तर एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ अशा नावाची डीएलएल नाही म्हणून तक्रार. मग त्याने काय केलं? ‘फ्री डीएलएल डाउनलोड’ देणाऱ्या कुठल्याशा साइटवरून ती उतरवून सिस्टीम फोल्डरमध्ये टाकली. मी कपाळाला हात लावला.

आता बारकाईने बघा. विंडोज ७ वर नेहमी दिसणारी दुसरी तक्रार आहे एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम नावाच्या डीएलएलची. दोन्ही नावं जुळ्या भावांसारखी, पण आजार वेगळे. सीआरटी म्हणजे सी भाषेची रनटाइम लायब्ररी. ती विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टने अपडेट म्हणून दिलेली आहे. ती टाकली की प्रश्न संपला. पण कोअर-पाथमधली फंक्शन्स विंडोज ८ पासूनच आली. विंडोज ७ मध्ये ती कधी नव्हतीच, त्यामुळे त्यासाठी अधिकृत औषधही नाही. म्हणजे पायथॉन ३.९ आणि त्यापुढच्या व्हर्जन्सचा विंडोज ७ ला नकार हा केवळ वॉचमनचा हट्ट नव्हता. त्याच्यामागे खरं कारण होतं.

म्हणून नियम असा : डीएलएलचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि ती कोणत्या अधिकृत पॅकेजमधून येते ते शोधा. सापडलं तर ते पॅकेज टाका. नाही सापडलं तर सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन शोधा. सुटी डीएलएल कुठल्याही साइटवरून उचलणं म्हणजे स्टँडवर अनोळखी माणसाने दिलेला पेढा खाण्यासारखं आहे.

लिनक्समध्ये ह्याच आजाराचं नाव “जीलिबसी २.३४ नॉट फाउंड” वगैरे. प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर कंपाइल झालेला असतो आणि तुमची सी लायब्ररी जुनी. इथे मोह होतो की नवी जीलिबसी आणून जुन्यावर कॉपी करावी. करू नका! सिस्टीममधला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. ती बिघडली तर साधी फाइलींची यादी दाखवणारी कमांडही चालत नाही. जुनं व्हर्जन घ्या, सोर्सवरून स्वतः कंपाइल करा, नाहीतर कंटेनर वापरा.

चौथा नकार : खुद्द प्रोसेसरचा

हा नकार सगळ्यात प्रामाणिक. इन्स्टॉल सगळं नीट होतं, आणि प्रोग्रॅम सुरू करताच “इलीगल इन्स्ट्रक्शन” म्हणून कोसळतो. ह्यात बेकायदेशीर काही नाही. प्रोसेसरला न समजणारी सूचना आली, एवढाच अर्थ. उदाहरण घ्या टेन्सरफ्लोचं. २०१८ च्या १.६ व्हर्जनपासून त्याच्या तयार फाइल्समध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचना वापरल्या जातात. ह्या सूचना इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून आल्या. कोअर टू ड्युओ त्याच्याही आधीचा. तिथे रजिस्ट्री बदला, कम्पॅटिबिलिटी मोड लावा, नारळ फोडा, उपयोग शून्य. जी सूचना सिलिकॉनमध्ये नाही ती नाही.

वॉचमन आणि प्रोसेसर ह्यांच्यातला फरक विंडोज ११ मध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतो. २०२१ मध्ये ते आलं तेव्हा टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर नसेल तर इन्स्टॉलर नकार द्यायचा. पण तो वॉचमन होता. मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा एक रजिस्ट्री नोंद जाहीर केली होती, जिने काही जुन्या मशीन्सना स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाता यायचं. २०२४ च्या २४एच२ मध्ये मात्र पॉपकाउंट नावाची सूचना प्रोसेसरमध्ये असणं सक्तीचं झालं. ती नसलेल्या मशीनवर विंडोज बूटच होत नाही. पहिल्या नकाराला वळसा होता, दुसऱ्याला नाही.

मग ओळखायचं कसं?

एक. ‘ओके’ दाबण्याआधी वाचा. विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्सवर कंट्रोल-सी दाबलं की त्यातला मजकूर कॉपी होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो नोटपॅडमध्ये पेस्ट करून ठेवा. “काहीतरी एरर आला” असं म्हणणारा पेशंट आणि “कुठेतरी दुखतंय” असं म्हणणारा पेशंट सारखेच.

दोन. लॉग वाचा. बहुतेक इन्स्टॉलर्स टेम्प फोल्डरमध्ये लॉग टाकतात. एमएसआय प्रकारच्या इन्स्टॉलरला कमांड लाइनवरून सविस्तर लॉग लिहायला सांगता येतं. १६०३ हा कुप्रसिद्ध एरर म्हणजे फक्त ‘काहीतरी बिघडलं’. खरं कारण लॉगमध्ये असतं. त्यात “रिटर्न व्हॅल्यू ३” शोधा आणि त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळी वाचा. बहुतेक वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो. कधी तो प्लॅटफॉर्म नसतोच, डिस्क भरलेली असते किंवा ॲडमिनचे अधिकार नसतात. एकाने हौसेने युजरचं नाव देवनागरीत ठेवलं होतं आणि एका जुन्या इन्स्टॉलरला त्या फोल्डरचा पत्ताच वाचता येत नव्हता!

तीन. आपल्या मशीनची माहिती एका कागदावर लिहून ठेवा : प्रोसेसरचं पूर्ण नाव, सिस्टीम ३२ बिट की ६४, नेमकं व्हर्जन, रॅम. प्रोसेसर आणि सिस्टीम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नका. ते का, हे शेवटी सांगतो.

चार. सॉफ्टवेअरच्या साइटवर तुमच्या सिस्टीमला चालणारं शेवटचं व्हर्जन शोधा. दहापैकी सात-आठ वेळा हेच उत्तर असतं. अभ्यासक्रमाला नवीनतम व्हर्जन क्वचितच लागतं.

जबरदस्ती कुठे करू नये

हे मी अनुभवाने सांगतोय. तिसऱ्या वर्षी आमच्या मिनी प्रोजेक्टच्या किटचा ड्रायव्हर माझ्या विंडोजला चालेना. मी काय केलं, तर ड्रायव्हरच्या फाइलमध्ये व्हर्जनची अट हाताने बदलली, सहीची तपासणी बंद केली आणि ड्रायव्हर बसवला. बसला! मी मित्रांना चहा पाजला. रात्री दोन वाजता निळी स्क्रीन आली, ती रिस्टार्ट केल्यावरही जाईना. शेवटी विंडोज पुन्हा टाकलं. सी ड्राइव्हवरची तीन आठवड्यांची रीडिंग्ज गेली. बॅकअप नव्हता. व्हायवाला सरांनी विचारलं, “रीडिंग्ज कुठायत?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोष ना किटचा, ना विंडोजचा. तो माझाच होता.

साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो, तो चुकला तर सगळ्यांना घेऊन बुडतो. म्हणून ड्रायव्हर, अँटिव्हायरस, डिस्कची युटिलिटी आणि बायोस ह्यांच्या बाबतीत ‘नॉट सपोर्टेड’ म्हटलं की मुकाट्याने मागे फिरा. प्रयोग करायचाच तर व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. आणि कुठल्याही वळशाआधी बॅकअप घ्या. पेनड्राइव्हवर पाच मिनिटं लागतात. मला तीन आठवडे लागले.

लॅबच्या सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. सबमिशनच्या सूचनेत ‘लेटेस्ट व्हर्जन टाका’ ऐवजी ‘किमान अमुक व्हर्जन चालेल’ असं लिहिलंत, आणि जुन्या सिस्टीमला चालणारे शेवटचे इन्स्टॉलर लॅबच्या सर्व्हरवर ठेवलेत, तर हॉस्टेलमधल्या कितीतरी रात्री वाचतील. कदाचित एखादं कर्जही.

असो! त्या ज्युनिअरचं काय झालं?

आधी ती उपटसुंभ डीएलएल काढली आणि लॅपटॉप स्कॅन केला. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन म्हणजे ३.८, आणि त्याचा विंडोजसाठीचा शेवटचा तयार इन्स्टॉलर २०२१ च्या ३.८.१० चा. त्याची ३२ बिट फाइल माझ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने नेली. त्याने एक जुना अपडेट मागितला, तोही टाकला. मग पायथॉन बसलं, पाठोपाठ नमपाय बसलं आणि रात्री दीडला न्यूटन-राफसनचं उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर आलं. सबमिशन सोमवारीच झालं.

हा तात्पुरता उपाय होता. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला आणि पायथॉन ३.८ चा २०२४ मध्ये. असं मशीन नेटला जोडून ठेवणं शहाणपणाचं नाही. पण आता कागदावरची माहिती कामी आली. विंडोज ३२ बिट होतं, पण प्रोसेसर? कोअर टू ड्युओ ६४ बिट चालवू शकतो! कोणीतरी कधीतरी ३२ बिट विंडोज टाकलं होतं आणि मशीन बिचारं इतकी वर्षं अर्ध्या ताकदीवर राबत होतं. सुट्टीत आम्ही त्याच्यावर हलका डेस्कटॉप असलेलं ६४ बिट लिनक्स टाकलं. आता त्यावर आजचं पायथॉन चालतं. टेन्सरफ्लो मात्र चालणार नाही, तो चौथा नकार आहे. त्या प्रॅक्टिकलसाठी तो लॅबमध्ये बसतो.

त्या रात्रीच त्याने घरी फोन लावला. बारा वाजून गेलेले, तरी पहिल्या रिंगला उचलला गेला.

“पप्पा, झोपला नव्हता का? नका काढू कर्ज. झालं.”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, पुढच्या वेळी ओके दाबायच्या आधी वाचतो.”

तुम्हीही वाचा, मंडळी. आणि बॅकअप घ्या!